विळ्याने कापलेला पैसा: 'डिफॅल्केशन' या एका शब्दावर पारखलेले ऑनलाइन कोश

कोश किती उपयोगाचा आहे हे सोप्या शब्दांवर कळत नाही. त्यासाठी असा शब्द घ्यावा लागतो, जो कागदोपत्री वारंवार येतो, बोलण्यात जवळपास येतच नाही आणि ज्याचा अर्थ काळाच्या ओघात फिरलेला आहे. पैशाच्या अपहारासाठी इंग्रजीत लिहिला जाणारा 'डिफॅल्केशन' हा जड शब्द या कामाला अगदी योग्य. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे राज्यांवरचे अहवाल उघडले की 'मिसअप्रोप्रिएशन, लॉसेस, डिफॅल्केशन्स' हे त्रिकूट एकाच मथळ्यात भेटतं. कर्मचाऱ्यांच्या प्रामाणिकपणाची हमी देणाऱ्या विमा पॉलिसींत आणि विश्वस्तांवरच्या दाव्यांतही तो येतो. मराठी करायला बसलेला माणूस या त्रिकुटापाशी अडतो, कारण घाईत तिन्हींना 'अपहार' लिहिलं तर वाक्य कोसळतं.

या शब्दावर घासून पाहिले ते कोश असे: एटिमॉनलाइन, मेरियम-वेब्स्टर आणि शिकागो विद्यापीठाचं लोगेइऑन हे तीन फुकट, ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी वर्गणीची, आणि मराठीच्या बाजूने मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश व भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश. सगळे संगणकावर किंवा फोनवर उघडतात.

सुरुवात एटिमॉनलाइनपासून करावी. डग्लस हार्पर यांनी उभं केलेलं हे संकेतस्थळ व्युत्पत्तीसाठी सर्वांत जलद आहे. इथे एक गोष्ट आधीच ठाऊक हवी. 'डिफॅल्केशन' या नामाची नोंद आखूड आहे, ती तुम्हाला 'डिफॅल्केट' या क्रियापदाकडे पाठवते. खरा माल तिथे आहे. मध्ययुगीन लॅटिनमधलं 'देफाल्कारे', त्यात 'दे' म्हणजे 'पासून, वेगळं', आणि 'फाल्क्स' म्हणजे विळा. षष्ठीचं रूप 'फाल्किस', म्हणून शब्दात 'क' टिकला. अर्थ सरळ: विळ्याने कापून वेगळं करणं. नाम वाचून थांबणाऱ्याला हा विळा दिसतच नाही.

हा विळा नेमका कुठला, यावर थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक कोश 'सिकल' एवढंच सांगून पुढे जातात. रोमन शेतीत 'फाल्क्स' हे एकच अवजार नव्हतं. कापणीचा विळा वेगळा, गवत कापायचं लांब पात्याचं अवजार वेगळं, झाडाच्या फांद्या तोडायचं वेगळं आणि द्राक्षवेलीच्या छाटणीचं वेगळं. शेतीवर लिहिणाऱ्या रोमन लेखक कोलुमेल्लाने वेलीच्या छाटणीच्या 'फाल्क्स'चे भाग एकेक करून सांगितले आहेत: सरळ धार, आतला बाक, चोचीसारखं टोक, मागच्या बाजूला कुऱ्हाडीसारखी छोटी धार. प्रत्येक भागाचं काम वेगळं. म्हणजे आपल्याकडचा विळा आणि कोयता हे दोन्ही 'फाल्क्स'च्या पोटात येतात. 'देफाल्कारे' यातली कृती मुळासकट उपटण्याची नाही. उभं झाड तसंच ठेवून त्यातला भाग छाटायचा. पुढे पैशाच्या संदर्भात हा शब्द का बसला, ते या चित्रातून लगेच कळतं: रक्कम उभीच दिसते, पण मधून काही कापलेलं असतं.

एटिमॉनलाइनवर दिलेली साल-शतकं वाचताना मात्र जपून. तिथला आकडा म्हणजे शब्द लिखाणात सापडल्याचा सर्वांत जुना काळ. बऱ्याचदा तो पहिल्या अर्थाचा असतो, आजच्या अर्थाचा नाही. 'डिफॅल्केशन' इंग्रजीत पंधराव्या शतकापासून आहे, पण तेव्हा तो 'वजावट' या अर्थाने होता, चोरीच्या अर्थाने नव्हे. विश्वासाने सोपवलेल्या पैशाची लबाडी हा अर्थ एकोणिसाव्या शतकात रुळला. हा फरक न पाहता 'पंधराव्या शतकापासून अपहार' असं लिहिणं ही सरळ चूक. प्रत्येक नोंदीखाली आधारही दिलेला नसतो. आधारग्रंथांची यादी वेगळ्या पानावर आहे. त्यामुळे न्यायालयात किंवा शोधनिबंधात उद्धृत करायला हे संकेतस्थळ पुरेसं नाही. पहिल्या पाच मिनिटांसाठी मात्र याच्या तोडीचं दुसरं काही नाही.

एटिमॉनलाइनचा आणखी एक फायदा खोट्या नात्यांबाबत होतो. 'डिफॅल्केशन' आणि 'डिफॉल्ट' हे शब्द कानाला सख्खे भाऊ वाटतात, काही जण 'फॉल्स'ही त्यात ओढतात. दोन्ही चूक. 'फॉल्स', 'फॉल्ट', 'फेल' आणि 'डिफॉल्ट' हे सगळे 'फाल्लेरे' या क्रियापदाकडून आले: फसवणं, चुकवणं. त्यांच्या मुळात विळा नाही. व्यवहारातही हा फरक मोठा आहे. कर्जदाराने हप्ते थकवले तर तो डिफॉल्ट. ज्याच्या हाती पैसा सांभाळायला दिला होता त्याने त्यात कापाकापी केली तर डिफॅल्केशन. पतसंस्थेच्या अहवालात 'थकबाकी' आणि 'अपहार' यांची अदलाबदल झाली तर एकतर निर्दोष कर्जदारावर गुन्ह्याचं बोट रोखलं जातं, नाहीतर पैसे खाणारा रोखपाल नुसता थकबाकीदार ठरतो. दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी उघडून मुळं पडताळायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

लोगेइऑन हा या सगळ्यांत सर्वांत भारी, आणि मराठी वाचकांना सर्वांत कमी माहीत असलेला. एका शोधात अनेक लॅटिन आणि ग्रीक कोश उघडतात. अभिजात लॅटिनसाठी 1879 चा लुईस आणि शॉर्टचा कोश आहे, पण 'देफाल्कारे'साठी त्यावर विसंबू नका. तो कोश मध्ययुगासाठी केलेलाच नाही. तिथे 'फाल्क्स' पाहायचं आणि मग मध्ययुगीन लॅटिनच्या कोशाकडे वळायचं. ब्रिटनमधल्या लॅटिन कागदपत्रांवरचा मोठा कोश, जो 2013 साली पूर्ण झाला, तोही इथेच दिसतो. इंग्लंडमधल्या जहागिरींचे हिशेब लॅटिनमध्ये लिहिले जात, त्यात खंडाच्या रकमेतून जी सूट द्यायची तिला 'देफाल्कातिओ' म्हणत. पडीक राहिलेली जमीन, कोसळलेलं घर, वसूल न होणारा खंड, हे सगळं त्या सदरात वजा. त्यात लबाडी काही नाही. आपल्या जुन्या हिशेबी मराठीत 'रक्कम मुजरा देणे' म्हणत, तसाच हा प्रकार.

लोगेइऑन वापरताना अडतं ते शब्दरूपावर. लॅटिन कोशांत क्रियापद बहुधा 'मी' या रूपाने नोंदवतात, म्हणून 'देफाल्को' शोधा. नाही मिळालं तर 'देफाल्कारे' टाका. दुसरी अडचण लेखनाची. मध्ययुगीन लेखनिक 'तिओ'च्या जागी सर्रास 'सिओ' अशी अक्षरं लिहीत. जुन्या कागदाच्या छायाचित्रातला शब्द जसाच्या तसा टाकलात आणि काहीच आलं नाही, तर तेवढंच अक्षर बदलून पुन्हा शोधा. मराठी बोलणाऱ्याला अपरिचित वाटेल, पण मोडी वाचणाऱ्याला लेखनिकांच्या अशा लकबी नव्या नाहीत.

मेरियम-वेब्स्टर थोडक्यात आटोपता येईल. नोंद छोटी आणि चोख आहे. 'वजावट' हा अर्थ जुना म्हणून वेगळा दाखवला आहे, मग अपहार, आणि शेवटी वचन किंवा अपेक्षा पुरी न करणं. उच्चार ऐकायचं बटण आहे. मधला भाग 'फॅल' आणि 'फॉल' असा दोन्ही तऱ्हांनी चालतो, म्हणून उच्चारावरून कुणाला हटकू नये. जाहिराती फार. फोनवर वाचताना त्रास होतो.

ऑक्सफर्डचा मोठा कोश पैशाचा आहे, आणि एवढ्या एका शब्दासाठी स्वतः वर्गणी भरू नये. विद्यापीठाच्या किंवा मोठ्या ग्रंथालयाच्या सभासदत्वातून तो अनेकदा मिळतो, तिथे आधी विचारा. त्याची खरी किंमत कालक्रमाने लावलेल्या उताऱ्यांत आहे. वजावटीपासून लबाडीपर्यंतचा प्रवास एकामागून एक वाक्यांतून डोळ्यांसमोर येतो. जुन्या दस्तऐवजाचं काम असेल तर त्याला पर्याय नाही.

हा प्रवास किती महत्त्वाचा आहे याचं एक उदाहरण अमेरिकेतलं. पेनसिल्व्हेनियात 1705 साली झालेला एक कायदा 'डिफॅल्केशन'च्याच नावाने ओळखला जातो. त्यात अपहाराचा संबंध नाही. दोन माणसं एकमेकांना देणं लागत असतील तर एकाचं देणं दुसऱ्याच्या देण्यातून वजा करून उरलेल्या रकमेचाच निवाडा करायचा, एवढाच त्याचा विषय. आजचा अर्थ त्यावर लादून मराठी केलं तर एक साधी वजावट फौजदारी गुन्हा होऊन बसते.

आणि उलट टोकाचं उदाहरण त्याच देशातलं, 2013 चं. अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यात विश्वस्ताच्या नात्याने केलेली फसवणूक किंवा 'डिफॅल्केशन', शिवाय 'एम्बेझलमेंट' (ताब्यातल्या पैशाचा अपहार) आणि 'लार्सनी' (चोरी) यांतून उभं राहिलेलं देणं माफ होत नाही. हा शब्द दिवाळखोरीच्या कायद्यात 1867 पासून आहे आणि तेव्हापासून त्याच्या अर्थावर वाद आहे. सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांच्या निकालात सांगितलं की नुसती चूक पुरत नाही. विश्वस्ताला आपण कर्तव्य मोडतो आहोत याची जाणीव हवी, निदान धोका दिसत असताना केलेलं घोर दुर्लक्ष हवं. त्याच निकालात असंही म्हटलं आहे की पैसा स्वतःच्या खिशात गेला नाही, कुणी तो उचलून नेला नाही, खोटं बोललं गेलं नाही, तरी डिफॅल्केशन होऊ शकतं. म्हणजे अमेरिकी निकालाचं मराठी करताना 'अपहार' हा शब्द तोकडा पडतो. 'विश्वस्तपदाच्या कर्तव्याचा भंग' असं सैल पण खरं लिहावं लागतं. एकाही सामान्य कोशाच्या छोट्या नोंदीत ही बाब पूर्णपणे येत नाही. इथे कोश बंद करून निकालच उघडायचा.

भारतीय कागदांत आणखी एक सापळा आहे. भारतीय दंड विधानाच्या कलम 403 ते 409 मध्ये, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 व 316 मध्ये, 'डिफॅल्केशन' हा शब्द नाही. तिथे अप्रामाणिक गैरविनियोग आणि फौजदारीपात्र न्यासभंग आहेत. हा शब्द लेखापरीक्षणाच्या भाषेचा, कायद्याच्या कलमाचा नव्हे. म्हणून लेखापरीक्षकाच्या अहवालातलं डिफॅल्केशन फिर्यादीत जसंच्या तसं 'न्यासभंग' म्हणून उतरवू नका. आधी कोणाकडे ताबा होता, कोणत्या नात्याने होता आणि हेतू काय होता, हे शब्दांत यायला हवं.

लेखापरीक्षणात तो कसा वापरतात, ते एका छोट्या हिशेबावर दिसतं. समजा, रोजकीर्दीप्रमाणे हातावरची शिल्लक 1,84,600 रुपये आहे आणि तिजोरी मोजल्यावर 1,39,600 निघाले. फरक 45,000. या क्षणी ही फक्त रोख तूट. चलन मोजण्यात चूक असेल, बँकेत भरणा झालेला असून नोंद राहिली असेल, उचल दिलेल्या रकमेची पावती फाइलमध्ये अडकली असेल. हे तिन्ही तपासून झाल्यावर आणि रक्कम ताबेदाराने वापरल्याचं दिसल्यावर तिला डिफॅल्केशन म्हणायचं. आणखी एक बारीक गोष्ट: इंग्रजीत हा शब्द कृतीलाही लावतात आणि तुटलेल्या रकमेलाही. 'डिफॅल्केशन ऑफ 45,000' म्हटलं की ती रक्कम. मराठीत दोन शब्द ठेवावेत, कृतीला 'अफरातफर' आणि रकमेला 'अपहार झालेली रक्कम'. एकाच वाक्यात दोन्हींना 'अपहार' म्हटलं की वाचणारा आकडा आणि गुन्हा यांची सरमिसळ करतो.

विळा सर्वांत स्पष्ट दिसतो तो पिग्मी ठेवीच्या वसुलीत. एजंट दुकानदाराकडून रोज 200 रुपये घेतो, दुकानदाराच्या पासबुकात 200 लिहितो आणि संस्थेच्या तक्त्यावर 100 भरतो. दोन्ही कागद आपापल्या जागी पूर्ण दिसतात. मधला भाग छाटलेला. ग्राहकाचं पासबुक आणि संस्थेची खतावणी समोरासमोर ठेवल्याशिवाय तो सापडत नाही. दुसरा प्रकार त्याहून चिवट: आज एका ठेवीदाराची रक्कम उचलायची, उद्या दुसऱ्याच्या भरण्याने पहिल्याची जमा दाखवायची, परवा तिसऱ्याच्या. प्रत्येक नोंद खरी, फक्त एक-दोन दिवस उशिराची. म्हणून लेखापरीक्षक जमेच्या रकमेपेक्षा पावतीची तारीख आणि जमेची तारीख यातलं अंतर आधी पाहतो.

लॅटिनमधून इंग्रजीत आलेला अपहाराचा दुसरा शब्द आहे तो सरकारी पैशाशी बांधलेला: 'पेक्युलेशन'. या शब्दासाठी एटिमॉनलाइनचं मूळ-धातूचं पान मुद्दाम उघडावं. 'पेकुस' म्हणजे गुरं. त्यापासून 'पेकूलिउम', म्हणजे मालकाने गुलामाला किंवा बापाने ताब्यातल्या मुलाला स्वतःच्या वापरासाठी ठेवू दिलेली मालमत्ता. त्यातून 'पेकूलारी', लोकांचा पैसा आपला करून घेणं. रोमन कायद्यात 'पेकूलातुस' हा सार्वजनिक आणि देवस्थानच्या पैशाच्या चोरीचा वेगळा गुन्हा होता, त्याच्यासाठी युलियन कायदा होता आणि सम्राट जस्टिनियनच्या 'डायजेस्ट' या कायदासंग्रहात अठ्ठेचाळिसाव्या ग्रंथात त्याचं स्वतंत्र प्रकरण आहे. त्याच पानावर 'पेकुस'शेजारी संस्कृत 'पशु' दिसतो. दोन्ही एकाच जुन्या मुळाचे. आपण आजही 'गोधन', 'पशुधन' म्हणतो, त्यामुळे गुरं आणि संपत्ती हे नातं मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. व्यवहारासाठी एवढं लक्षात ठेवा: पेक्युलेशन म्हणजे सरकारी तिजोरीला हात, डिफॅल्केशन म्हणजे विश्वासाने सोपवलेल्या कुठल्याही पैशाला. खासगी पतसंस्थेच्या प्रकरणात 'पेक्युलेशन' लिहिलेलं दिसलं तर मूळ लेखकाचीच चूक असण्याची शक्यता जास्त.

आता मराठी कोश. मोल्सवर्थची 1857 ची दुसरी आवृत्ती शिकागोच्याच दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात मोफत शोधता येते. तिचा लाभ घ्यायचा तर मराठी शब्द टाकून न थांबता इंग्रजी शब्द अर्थांमध्ये शोधावा; मग विसरलेले मराठी शब्द वर येतात. प्रत्येक शब्दाजवळ संस्कृत, अरबी, फारसी असं मूळ एका अक्षराने दाखवलेलं असतं, त्याकडे लक्ष द्या. या विषयाच्या मराठी शब्दांची मुळं फार बोलकी आहेत. 'अपहार' संस्कृत, हरण करणं. 'खयानत' अरबी, विश्वासघात. मोल्सवर्थचा तोटा उघड आहे: त्यात 1857 नंतरची मराठी नाही, सहकार नाही, लेखापरीक्षण नाही.

भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश इथे पूरक ठरतात. न्याय, वाणिज्य, शासनव्यवहार असे विषयवार कोश असल्याने तोच इंग्रजी शब्द दोन-तीन ठिकाणी पाहता येतो, आणि ते पाहायलाच हवं. सरकारी पत्रव्यवहारात प्रचलित असलेला पर्याय इथेच खात्रीने मिळतो. पण हे कोश प्रतिशब्द देतात, व्याख्या नाही. दोन प्रतिशब्दांपैकी कुठला कुठे, हे तुमचं तुम्हालाच ठरवायचं आहे.

ते ठरवताना 'अपहार' हा शब्द किती जुना आणि किती काटेकोर आहे हे माहीत असावं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणाच्या आठव्या अध्यायात कोश, म्हणजे राजाचा खजिना, क्षीण होण्याची आठ कारणं आहेत आणि 'अपहार' हे त्यातलं शेवटचं. व्याख्या तीन कलमांची: वसूल झालेली जमा खात्यात न दाखवणं, मंजूर खर्च प्रत्यक्षात न देणं, आणि हातात आलेली शिल्लक नाकारणं. दंड बारा पट. वरच्या पिग्मी एजंटचा प्रकार यातल्या पहिल्या कलमात शब्दशः बसतो. आठांतलं पाचवं कारण 'परिहापण' आहे, जमा कमी दाखवणं किंवा खर्च फुगवणं, आणि विळ्याच्या अर्थाला ते 'अपहारा'पेक्षाही जवळ आहे. शासकीय मराठीने तो शब्द उचलला नाही, याचं वाईट वाटतं.

राहिला 'अफरातफर'. तो अरबी 'इफरात' आणि 'तफरीत' या जोडीतून आला: जादा आणि कमी. हिंदीत त्याच जोडीचं 'अफरा-तफरी' झालं आणि त्याचा अर्थ गोंधळ, धावपळ. मराठीत त्याच शब्दाने हिशेबाची वही धरली आणि तो पैशाच्या लबाडीवर स्थिरावला. हिंदी मसुद्यावरून मराठी करताना हा शब्द हमखास फसवतो: बाजारात 'अफरा-तफरी' माजली, याचं मराठी 'अफरातफर झाली' असं केलं की व्यापाऱ्यांवर नसलेला गुन्हा बसतो. आणि हिंदीत अपहाराला 'ग़बन' लिहिलेलं असेल, तर त्यासाठी मराठीत 'अफरातफर'च योग्य, 'गोंधळ' नाही.